धावत्या गाडीवरील एरियल

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. वैनगंगेच्या बाजूस सपाट बांध्या आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत रान व डोंगर, अशी त्याची ढोबळ विभागणी करता येईल. हंगामात धानाची पोती भरलेल्या पिकअप गाड्या रानातील रस्त्यांनी गिरण्यांकडे निघतात. अशा रस्त्यांवर कित्येक वळणे अशी असतात की, तेथे खिशातील भ्रमणध्वनी मुका होतो. रात्रीच्या वेळी तेथेच गाडी बिघडली किंवा रानडुक्कर आडवे येऊन अपघात झाला, तर मागून येणाऱ्या सोबतीच्या गाडीस हाक कशी द्यावयाची? ज्या उपायास मनोऱ्याची गरज नाही, तो म्हणजे गाडीतून गाडीशी सरळ बोलणारे लहान बिनतारी यंत्र. अमेरिकेत १९५८ साली सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी खुला झाला आणि पुढे मालमोटारींच्या चालकांनी तो अगदी आपलासा केला. तोच ‘नागरिक पट्टा’ किंवा सी. बी. होय.

आपल्या देशात १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना आवश्यक केला होता. पुढे २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील ५ वॉटपर्यंतच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली. तथापि सूट म्हणजे मोकळीक नव्हे. बाहेरून जोडलेल्या एरियलला ती लागू होते की नाही, हे दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेकडून प्रथम समजून घ्यावे आणि लागत असल्यास परवाना काढावा. हे झाल्यावरच हातात पाना घ्यावा.

पुष्कळांची समजूत अशी असते की, यंत्र चांगले घेतले म्हणजे काम झाले. एरियल ही नुसती काठी, ती कोठेही ठोकावी. वस्तुतः गोष्ट उलट आहे. पाच वॉट ही शक्ती घरातील लहानशा दिव्याइतकी. ती दूर पोहोचते की गाडीपाशीच विरते, हे एरियल ठरविते. आणि दिसणारी काठी ही एरियलचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचे लोखंडी अंग.

हे जुन्या घरांतील रेडिओवरून सहज ध्यानात येईल. त्या रेडिओस दोन तारा असत: एक गच्चीवर ताणलेली आणि दुसरी नळास किंवा ओल्या जमिनीत पुरलेली. १८९५ साली इटलीत मार्कोनीने एक टोक उंच तारेस व दुसरे जमिनीस जोडले, तेव्हा त्याचा संदेश टेकडीपलीकडे गेला. धावत्या गाडीस जमिनीत तार पुरता येत नाही. तिची चाके तर रबराची. म्हणून जमिनीचे काम गाडीचा टप आणि चेसिस यांनाच करावे लागते.

आता लांबीचा विचार. विद्युत्लहर सेकंदास तीन लाख किलोमीटर धावते. सेकंदास दोन कोटी सत्तर लाख कंपने धरली, तर एका लहरीची लांबी सुमारे ११ मीटर येते. काठी तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे पावणेतीन मीटर असली की उत्तम. परंतु पिकअपच्या टपावर इतकी उंच काठी उभी केली, तर तिचे टोक जमिनीपासून साडेचार मीटरांच्याही वर जाते. गोंदिया हे विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गाचे जंक्शन आहे. अशा मार्गाच्या फाटकांवर वाहनांची उंची ४.६७ मीटरांत ठेवणारी कमान असते, कारण तिच्यापुढील तारांत पंचवीस हजार व्होल्ट दाबाची वीज खेळत असते. तेथे काठी उंच असणे म्हणजे प्राणाशी गाठ. म्हणून मीटर-सव्वा मीटरची आखूड काठी घ्यावी. तिच्या बुडाशी तारेचे वेटोळे असते; ते तोकड्या लांबीची उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. किंचित शक्ती त्यात खर्ची पडते, पण हा सौदा शहाणपणाचा आहे.

जागा कोणती निवडावी? टपाचा मध्य सर्वांत चांगला, कारण तेथे काठीभोवती पत्रा चहूबाजूंनी सारखा पसरलेला असतो आणि आवाज सर्व दिशांना सारखा जातो. काठी कोपऱ्यात बसविली, तर समोरच्या कोपऱ्याच्या दिशेने, जिकडे पत्रा अधिक, तिकडे जोर वाढतो व मागे घटतो. हौद्याच्या कडेस ती लावणे सोयीचे; परंतु तेथे केबिनची आड येते आणि पोत्यांची थप्पी काठीला चिकटते. शिवाय हौदा पुष्कळदा रबरी गाद्यांवर बसविलेला असतो, त्यामुळे विजेच्या दृष्टीने तो चेसिसपासून तुटलेलाच राहतो. अशा वेळी तांब्याच्या विणलेल्या रुंद पट्टीने हौदा व चेसिस जोडावेत आणि बोल्टाखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा. रंगावर घट्ट बसविलेला बोल्ट डोळ्यांस जोडलेला दिसतो, विजेस नव्हे. जोड झाल्यावर वर ग्रीस लावावे, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात गंज चढेल. चुंबकी बुडाच्या एरियलला रंग खरवडावा लागत नाही. रंगाच्या पातळ थरातून ती पत्र्याशी विद्युत्संचायकासारखी जोडली जाते. मात्र पत्रा लोखंडी हवा.

यंत्रापासून काठीपर्यंतची तार पन्नास ओहमची, जाळीदार वेष्टनाची असावी. ती दारात चेपू नये आणि इंजिनाच्या तारांपासून दूर न्यावी, म्हणजे खरखर कमी होते. आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच टपकेल. यंत्रास वीज थेट बॅटरीवरून द्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवावा.

शेवटची पायरी परीक्षेची, आणि नेमकी तीच बहुधा वगळली जाते. काठी जुळली नसेल, तर शक्तीचा काही भाग परत यंत्राकडे उलटतो. हे स्थायी लहरींचे प्रमाण दाखविणारे मापक मिळते. मोकळ्या मैदानात, दारे बंद करून, माणसे दूर ठेवून ते पाहावे. दीडास एक आले तर उलटणारी शक्ती शेकडा चार, दोनास एक आले तर सुमारे अकरा, तिनास एक आले तर पंचवीस! इतके आल्यास बोलणे थांबवून दोष शोधावा. मापन पट्ट्याच्या दोन्ही टोकांस करावे. खालच्या टोकास आकडा अधिक आला, तर काठी आखूड आहे. वरच्या टोकास अधिक आला, तर लांब आहे. कापताना एका वेळी दोन-चार मिलिमीटरच कापावे. कापलेले परत जोडता येत नाही. आणि काठी जोडलेली नसताना बोलण्याची कळ कधीही दाबू नये, यंत्र जळण्याचा संभव असतो.

इतके करूनही या यंत्राची हाक सपाट बांध्यांतून काही किलोमीटरच जाते आणि डोंगराआड त्याहून कमी. म्हणून ते एकट्या गाडीच्या उपयोगाचे नाही. मागेपुढे चालणाऱ्या दोन-तीन गाड्यांनी एकाच वाहिनीवर राहण्याचा संकेत ठरवून मग निघावे. पोलीस व वनखात्याच्या गाड्यांवरील एरियल याहून आखूड दिसतात, कारण त्यांच्या लहरी आखूड. परंतु पत्र्याचा आणि जोडाचा नियम त्यांनाही तोच आहे. रानातल्या रात्री जी हाक ऐकू जावयाची, ती दिवसा घराच्या अंगणात खरवडलेल्या दोन बोटे रंगावर अवलंबून असते.