आधी ड्रम, मग केबल

बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर या शहरातलं वऱ्हाड, माल, दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं रस्त्यानेच गेलं. त्यामुळे इकडे जीपच्या जातीची गाडी सहसा भंगारात निघत नाही. १९९४ साली आलेली सुमो, २००० साली आलेली बोलेरो अजून खेडोपाडी धावतात. इंजिन ठणठणीत, टायर नवे. हँडब्रेक मात्र नावालाच. गाडी उभी केली की मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा, ही सवयच होऊन बसली आहे. पण बालाघाटाचे डोंगर याच जिल्ह्यातून जातात. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट रोजच्या वाटेवर आहेत, आणि घाटात गाडी बंद पडली तर दगड शोधायला खाली उतरणार कोण? स्टिअरिंगवरचा माणूस तर ब्रेकवरचा पाय काढू शकत नाही.

बीडमधल्या एका गॅरेजात जुन्या बोलेरोचं हे काम मी शेजारी बसून पाहिलं. तक्रार नेहमीचीच होती: लिव्हर ओढला तरी गाडी उतारावर सरकते. मालकाचं म्हणणं, केबल ताणून द्या.

मिस्त्रींनी आधी लिव्हर स्वतः ओढून पाहिला. निदान तिथूनच सुरू होतं. चांगला हँडब्रेक साधारण पाच-सात खटक्यांत घट्ट होतो. लिव्हर दहा-बारा खटके वर येत असेल तर लायनर झिजलेत, ॲडजस्टर मागे पडलाय किंवा केबल सैल झाली आहे. इथे मात्र लिव्हर सहाव्या खटक्यालाच कडक झाला, तरी चाक फिरतच होतं. म्हणजे ओढ चाकापर्यंत पोचत असावी आणि पकड तिथे सुटत असावी.

"केबल ताणायला काय, पाच मिनिटं लागतेत," मिस्त्री मालकाला म्हणाले. "पण दोष चाकात असला तर केबल ताणून काय व्हायलंय, दादा?"

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, मागचा ॲक्सल जॅकने उचलून घोड्यांवर टेकवला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. ड्रम गंजाने धरला होता. ड्रमच्या आटेदार भोकांत बोल्ट फिरवत गेल्यावर तो सुटला. आतली धूळ हवेच्या पाइपने न उडवता त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. हे मला फार मोलाचं वाटलं, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो श्वासातून फुप्फुसात गेला तर कायमचा त्रास देतो. प्रत्येक गॅरेजने एवढं तरी पाळावं.

डाव्या चाकाचे लायनर काळेभोर, तेलकट निघाले. हे तेल कुठलं, यावर पुढचं सगळं ठरणार होतं. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्याने धुतलं जातं. ते असतं तर दोष व्हील सिलेंडरचा. हे तेल चिकट होतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येत होता. म्हणजे गिअर ऑइल, ॲक्सलचं. ऑइल सील गळत होतं. मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. ॲक्सलवरचा ब्रीदर त्यांनी काढून दाखवला. काळ्या मातीच्या चिखलाने तो गच्च बुजला होता. पळताना ॲक्सल तापतो, आतली हवा फुगते. तिला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. पावसाळ्यात शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीला हा धोका कायमचा. नुसतं सील बदललं असतं आणि ब्रीदर तसाच राहिला असता, तर नवे लायनरही तेलात भिजले असते.

तेल मुरलेले लायनर पेट्रोलने धुऊन भागत नाही. सील नवं, ब्रीदर साफ, आणि लायनर दोन्ही चाकांचे बदलले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक मारताना एकीकडे ओढते.

मग सेटिंग. ॲडजस्टरचं दातेरी चाक स्क्रू ड्रायव्हरने फिरवत नेलं. चाक जड झालं तेव्हा काही दाते मागे घेतलं. हाताने फिरवल्यावर बारीक घासल्याचा आवाज यावा, पण चाक अडू नये. पायाचा ब्रेक बऱ्याचदा दाबून लायनर जागेवर बसवले आणि पुन्हा आवाज ऐकला. केबलचा नट सगळ्यात शेवटी फिरला, तोही थोडासाच. हा क्रम उलटा केला की घोटाळा होतो. आधीच ताणलेली केबल लायनरला पुरतं मागे येऊ देत नाही, मग ड्रम तापतो, लायनर चकाकतात आणि पकड आणखी जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये पायाच्या ब्रेकबरोबर पार्किंग ब्रेकही सक्तीचा आहे. प्रवासी गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात तर भरलेली गाडी २० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला २० मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, याच ब्रेकने थांबली पाहिजे, असा दंडक आहे.

बोलेरो चढावर तोंड वर करून आणि मग खाली करून उभी केली. दोन्ही वेळा जागची हलली नाही. थोडं अंतर चालवून आणल्यावर ड्रम तापलेले नाहीत, हेही पाहिलं.

दसऱ्यानंतर ऊसतोडीचा हंगाम लागतो, घाटात वर्दळ वाढते. त्याआधी आपली जुनी गाडी मोकळ्या चढावर नेऊन, पाय ब्रेकजवळच ठेवून, हँडब्रेकवर उभी करून पाहा. सरकली तर मिस्त्रींना केबल ताणायला सांगू नका, ड्रम उघडायला सांगा.