मानसशास्त्रीय संशोधनाचे प्रकाशन आणि लेखकाचे नैतिक दायित्व : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

मानसशास्त्राच्या संशोधकाकडे जमा होणारी सामग्री इतर विद्याशाखांच्या सामग्रीपेक्षा मुळातच निराळी असते. मातीचा नमुना किंवा साखर कारखान्याच्या गाळपाचे आकडे छापले गेल्याने मातीला वा उसाला काही सोसावे लागत नाही. परंतु विवाहितेने चिंता-मापिकेवर केलेल्या खुणा, व्यसनमुक्ती केंद्रातील रुग्णाने सांगितलेली कौटुंबिक हकिकत किंवा अकरावीच्या विद्यार्थ्याने नैराश्य-शोधिकेत निवडलेला पर्याय ही त्या व्यक्तीची खासगी ठेव होय. ती प्रकाशित करण्याचा अधिकार संशोधकास आपोआप प्राप्त होत नाही. प्रस्तुत लेखात या दायित्वाचा विचार सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन अध्यापक-संशोधकाच्या भूमिकेतून केला आहे.

या दोन्ही जिल्ह्यांतील उच्च शिक्षणाची वाढ प्रामुख्याने १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छायेत झाली. २०२१ पासून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठही कार्यरत आहे. येथील संशोधकाचा प्रतिसादक बहुधा त्याचाच विद्यार्थी, त्याच्याच तालुक्यातील शेतकरी किंवा शेजारच्या गावातील स्त्री असते. मोठ्या महानगरासाठी रचलेले नैतिक संकेत येथे जसेच्या तसे पुरे पडत नाहीत.

नाव वगळले म्हणजे ओळख लपते काय ?

शोधनिबंधात 'प्रतिसादकांची नावे गोपनीय ठेवली आहेत' असे एक वाक्य हमखास असते. हे वाक्य सत्य असूनही अपुरे असू शकते. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून मोठी जीवितहानी झाली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. अशा आपत्तींनंतर आघातोत्तर तणावाचा अभ्यास होणे आवश्यकच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपापासून हा प्रदेश आपत्तींशी परिचित आहे. परंतु अशा गावातील 'पती व दोन मुले गमावलेली ३४ वर्षीय स्त्री' एवढे वर्णन छापले की गावापुरते तरी नाव छापल्यासारखेच झाले. वय, जात, व्यवसाय, कुटुंबरचना आणि गाव ही पाच माहिती-अंगे एकत्र आली की काही शे उंबऱ्यांच्या वस्तीत व्यक्ती ओळखण्यास नावाची गरज उरत नाही.

यावरील उपाय तांत्रिक नसून लेखनविषयक आहेत. गावाऐवजी 'कृष्णाकाठचा एक तालुका' असे म्हणता येते. नेमक्या वयाऐवजी वयोगट देता येतो. विवेचनाला आवश्यक नसलेला तपशील गाळावा. आवश्यक असलेला तपशील ओळख उघड करीत असेल तर तो बदलावा आणि बदल केल्याचे नमूद करावे. तरीही ओळख पटण्याचा संभव उरत असेल तर ते व्यक्तिवृत्त छापू नये, मग निबंध कितीही रोडावला तरी चालेल. येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. व्यक्तिवृत्त जितके हृदयद्रावक, तितका ते छापण्याचा लेखकाचा मोह अधिक आणि त्याची शास्त्रीय गरज बहुधा तितकीच कमी असते.

सांगलीतील वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. संग्राम या संस्थेच्या कामातून १९९० च्या दशकात वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. या समूहाविषयी देशी-विदेशी अभ्यासकांनी विपुल लिहिले आहे. ज्यांच्यावर वारंवार लिहिले जाते त्यांना आपल्याविषयी काय छापले जाते हे समजण्याचा हक्क असतो, ही जाणीव मराठी शोधनिबंधांत अजून फारशी उतरलेली नाही. निबंध इंग्रजीत लिहिला जातो, प्रतिसादकास तो दाखविलाही जात नाही. निष्कर्षांचा मराठी सारांश तयार करून संबंधित समूहासमोर वाचून दाखविणे हे काम एका दुपारचे आहे. त्याने अन्वयार्थातील ढोबळ चुकाही वेळीच लक्षात येतात.

संमती आणि अध्यापकाचा अधिकार

मानसशास्त्रातील महाविद्यालयीन संशोधनाचा फार मोठा भाग विद्यार्थ्यांच्या नमुन्यावर उभा आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रश्नावली वाटल्या जातात, विद्यार्थी त्या भरतात आणि निबंधात 'स्वेच्छेने सहभागी झाले' असे लिहिले जाते. ज्या अध्यापकाच्या हाती अंतर्गत गुण आहेत, वसतिगृहाची शिफारस आहे किंवा रयत शिक्षण संस्थेच्या परंपरेतील 'कमवा आणि शिका' योजनेतील काम आहे, त्याच्यासमोर विद्यार्थी 'नाही' कसे म्हणणार ? तेव्हा संमती दुसऱ्या व्यक्तीने घेणे, प्रश्नावली कोरी परत करण्याची मुभा देणे व ती कोणी कोरी दिली हे अध्यापकास कळणार नाही अशी व्यवस्था करणे इष्ट ठरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक सामाजिक व वर्तनशास्त्रीय संशोधनासही लागू होतात. त्यांनुसार १८ वर्षांखालील प्रतिसादकांबाबत पालकांची संमती आणि ७ वर्षांवरील बालकाची स्वतःची अनुमती या दोन्हींची अपेक्षा आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी याच वयोगटात मोडतात, ही बाब सहज विसरली जाते. प्राचार्यांची परवानगी ही पालकांच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तींबाबत तर हा कायद्याचा विषय आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९९ नुसार अशा व्यक्तीची केवळ मुलाखत घ्यावयाची असली तरी तिची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे, आणि संशोधनकाळात ती केव्हाही मागे घेता येते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले परिवर्तन हे व्यसनमुक्तीचे कार्य असो वा अन्य कोणतेही केंद्र, तेथे उपचार घेणाऱ्या व्यक्तीने समुपदेशकाजवळ मन मोकळे केले ते उपचारासाठी. त्याच शब्दांचा निबंधात उपयोग करावयाचा असेल तर त्यासाठी स्वतंत्रपणे विचारावे लागते. सहभागाची संमती आणि प्रकाशनाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तरपत्रिकेतील नववे विधान

बेक यांची नैराश्य-शोधिका आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत २१ घटक असून प्रत्येकास ० ते ३ गुण असतात. नववा घटक आत्महत्येच्या विचारांविषयी आहे. २०० विद्यार्थ्यांकडून ही शोधिका भरून घेतली, बेरीज केली, मध्यमान व प्रमाण विचलन काढले, टी-मूल्य मांडले आणि निबंध प्रसिद्ध केला, असा क्रम घडतो. या साऱ्या आकडेमोडीत ज्या विद्यार्थ्याने नवव्या घटकास ३ ची खूण केली त्याचे काय झाले, हा प्रश्न विचारल्यास पुष्कळदा उत्तर मिळणार नाही. त्याची खूण मध्यमानात विरून गेलेली असते.

येथे गोपनीयता व जीवितरक्षण यांत खरा संघर्ष आहे. प्रश्नावली पूर्णपणे निनावी असेल तर मदत पोहोचविता येत नाही. नाव असेल तर गोपनीयतेस धक्का लागतो. मध्यम मार्ग असा की उत्तरपत्रिकेवर केवळ सांकेतिक क्रमांक असावा आणि क्रमांक-नावांची यादी संशोधकाबाहेरील समुपदेशकाकडे असावी. विशिष्ट उत्तर आढळल्यास समुपदेशक त्या व्यक्तीशी संपर्क साधेल, हे संमतीपत्रातच आधी सांगितलेले असावे. उत्तरपत्रिका त्याच दिवशी तपासाव्यात. महिन्याने संगणकावर माहिती भरताना लक्षात येणे म्हणजे उशीर होय. सर्वांना टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापील देणे हा किमान उपाय आहे, पुरेसा नव्हे. या व्यवस्थेचे वर्णन निबंधाच्या 'संशोधन पद्धती' या भागात आले पाहिजे. ते नसल्यास परीक्षकाने निबंध पुढे पाठवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चाचणी कोणाची ?

व्ही. व्ही. कामत यांनी बिने मापिकेचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी धारवाड भागात अनुकूलन केले. त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९३४ मध्ये व ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ घटक बदलणे, मुलांवर ते तपासणे, वयानुसार पुन्हा मांडणे असे ते कष्टाचे काम होते. त्या तुलनेत आज एखादी इंग्रजी शोधिका सुटीच्या दिवसांत मराठीत उतरवून घेतली जाते आणि निबंधात मूळ इंग्रजी चाचणीचीच विश्वसनीयता व सप्रमाणता उद्धृत केली जाते. ही माहिती खोटी नसते, पण ती वापरलेल्या चाचणीची नसते. अनुवाद कोणी केला, उलट अनुवाद करून पाहिला काय, स्वतःच्या नमुन्यावर विश्वसनीयता गुणांक किती आला, चाचणीच्या स्वामित्वधारकाची परवानगी घेतली काय, या चार गोष्टी लेखकाने सांगावयास हव्यात. 'कंटाळा', 'उदास', 'घुसमट' या शब्दांच्या छटा जतमध्ये आणि वाईत एकसारख्याच असतील असे गृहीत धरता येत नाही. तसेच चाचणीचे सर्व घटक परिशिष्टात छापणे हेही अयोग्य होय. त्यामुळे ती चाचणी पुढील उपयोगास निकामी होते.

आकड्यांचे सत्य

३० ग्रामीण व ३० शहरी विद्यार्थी, एक समायोजन शोधिका आणि ०.०५ पातळीवरील टी-परीक्षण, हा आपल्या निबंधांचा परिचित साचा आहे. दोन गटांत खरोखरच अर्ध्या प्रमाण विचलनाइतका फरक असला तरी प्रत्येकी ३० च्या नमुन्यात तो सार्थक ठरण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमीच असते. ती ८० टक्क्यांपर्यंत न्यावयाची तर प्रत्येक गटात सुमारे ६४ प्रतिसादक हवेत. उलट, फरक मुळीच नसताना दहा स्वतंत्र उपघटकांवर दहा परीक्षणे केली तर किमान एक तरी 'सार्थक' निघण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. त्या एकाचाच उल्लेख करून बाकीची नऊ गाळणे म्हणजे वाचकाची फसवणूकच, मग त्यामागे हेतू कसाही असो. परिकल्पना आकडे पाहिल्यानंतर रचून ती आधीपासूनच होती असे भासविणेही त्याच जातीचे.

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यासांची पुनरावृत्ती करण्यात आली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्के आढळले. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे डीडेरिक स्टापेल यांचे प्रकरण २०११ मध्ये उघडकीस आले. त्यांनी वर्षानुवर्षे काल्पनिक सामग्री तयार केली होती व पुढे त्यांचे ५० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. यातील विदारक भाग असा की त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच बनावट सामग्रीवर प्रबंध लिहिले होते. सहलेखकाने मूळ उत्तरपत्रिका पाहण्याचा आग्रह धरणे हा अविश्वास नव्हे. प्रकाशनानंतर किमान पाच वर्षे मूळ सामग्री जतन करावी, असा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा संकेत आहे. आपल्या महाविद्यालयांत प्रश्नावल्यांचे गठ्ठे पदवी मिळताच रद्दीत जातात. ही गोष्ट गोपनीयतेच्या दृष्टीनेही भयावह आहे.

गुणांकन, लेखकनाम आणि नियतकालिकाची निवड

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधास गुण जोडले. सहलेखनात ६० टक्के गुण प्रथम लेखक व मार्गदर्शक यांत आणि ४० टक्के इतरांत, अशी वाटणी होती. २०१८ च्या नियमावलीत दोनच लेखक असल्यास प्रत्येकास ७० टक्के गुण मिळू लागले. म्हणजे दोघांची बेरीज १४० झाली. एकाचा निबंध दोघांच्या नावे छापण्यास यापेक्षा सोपे आमंत्रण कोणते ? विभागप्रमुखपद वा मार्गदर्शकपद हे स्वतः लेखकत्वाचे कारण ठरत नाही, आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधावर आधारित निबंधात अपवाद वगळता विद्यार्थीच प्रथम लेखक असावा, असे उपरोक्त असोसिएशनची २००२ ची संहिता सांगते.

वाङ्मयचौर्याबाबत आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याच्या टक्केवारीनुसार दंड ठरविले आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. यातून 'दहा टक्के चालते' असा विचित्र समज रूढ झाला. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरविला तर संगणकीय प्रणालीस तो सहसा सापडत नाही, आणि बनावट आकडे तर कोणत्याच साम्य-प्रणालीस सापडत नाहीत. ते फक्त लेखकास ठाऊक असतात.

पैसे घेऊन परीक्षणाविना छापणाऱ्या नियतकालिकांचा प्रश्न पुण्यातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स' मधून पुढे आणला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील विद्यापीठांनी सुचविलेल्या ज्या १००९ नियतकालिकांचे त्यांनी विश्लेषण केले, त्यांपैकी केवळ ११२ निकषांस उतरली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. नंतर आलेली केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली. त्यामुळे नियतकालिक पारखण्याचे काम आता संस्थांकडे आणि अध्यापकाकडे आले आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयाच्या आहेत काय, परीक्षकांचे अभिप्राय लेखी मिळतात काय आणि चूक आढळल्यास शुद्धिपत्र छापले जाते काय, एवढे तरी निबंध पाठविण्यापूर्वी पाहता येते. महाविद्यालयांनी चालविलेली बहुविद्याशाखीय नियतकालिकेही याच कसोट्यांस पात्र आहेत. त्यांच्याकडे मानसशास्त्राचा निबंध आल्यास तो मानसशास्त्राच्याच परीक्षकाकडे जावा आणि त्यासोबत संमतीपत्राचा कोरा नमुना व नैतिकता समितीच्या मान्यतेची प्रत मागवावी. ज्या महाविद्यालयात अशी समिती नाही, तेथील अध्यापकास शेजारच्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव पाठविता येईल अशी व्यवस्था दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी मिळून करणे शक्य आहे. कराड, इस्लामपूर, विटा ही अंतरे फार नाहीत.