देवाच्या ओसरीत झोपलेले रुग्ण

अथेन्सहून निघालेली बस कोरिंथचा कालवा ओलांडते आणि साधारण दोन तासांत एपिडॉरसला पोचते. पाइन आणि ऑलिव्हच्या झाडांनी भरलेल्या टेकड्यांमधलं हे शांत खोरं आहे. उतरलेली माणसं थेट नाट्यगृहाकडे वळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात टेकडीच्या उतारावर बसवलेलं हे दगडी नाट्यगृह आजही जवळजवळ अखंड आहे. खाली ३४ आणि वर २१ अशा ५५ ओळींत तेरा-चौदा हजार माणसं बसतात. कुणीतरी मधोमध उभं राहून टाळी वाजवतं आणि वरच्या ओळीतले कान टवकारून बसतात. दर उन्हाळ्यात इथे अजूनही जुनी ग्रीक नाटकं होतात. ती पाहून लोक बसमध्ये चढतात आणि परत जातात.

पण नाट्यगृह इथे आलं ते इथे आजारी माणसं येत होती म्हणून. खालच्या सपाटीवर, झाडांच्या सावलीत जे पायाचे दगड आणि तुटके खांब पसरलेत, ते अ‍ॅस्क्लेपिअस या आरोग्यदेवाचं स्थान. अपोलो आणि कोरोनिस यांचा हा मुलगा. कायरॉन नावाच्या नराश्वाने त्याला वैद्यकी शिकवली. ती त्याला इतकी साधली की तो मेलेली माणसं उठवू लागला, तेव्हा झ्यूसने वीज टाकून त्याला मारलं. हायजिया आणि पॅनासिया या त्याच्या मुली. त्यांची नावं आजही ‘हायजिन’ या शब्दात आणि ‘सर्व रोगांवरचं औषध’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात जिवंत आहेत. काठीला वेटोळं घातलेला त्याचा एकच साप जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हावर आहे. आपल्याकडे वैद्यकीय चिन्ह म्हणून सर्रास काढतात ते दोन साप आणि पंख मात्र हर्मीसच्या दंडाचे. त्यांचा औषधाशी संबंध नाही.

रुग्ण यायचा, स्नान करायचा, नैवेद्य-बळी अर्पण करायचा आणि रात्री ‘आबाटन’ नावाच्या सुमारे सत्तर मीटर लांब ओसरीत झोपायचा. आबाटन म्हणजे एरवी पाय ठेवू नये अशी जागा. झोपेत देव यायचा, कधी स्वतः, कधी सापाच्या रूपात, आणि उपचार करायचा किंवा काय करायचं ते सांगायचा. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: दृष्टांत.

बरे झालेल्यांच्या हकिकती दगडांवर कोरून उभ्या केलेल्या असत. इ.स. दुसऱ्या शतकात पाउसेनियस हा प्रवासी इथे आला, तेव्हा असे सहा दगड शिल्लक होते. पानायिस कावादियास यांनी १८८१ पासून उत्खनन केलं, त्यात त्यांतले काही हाती लागले. सत्तरएक हकिकती आज वाचता येतात. माणसाचं नाव, गाव, दुखणं, स्वप्न, आणि सकाळी काय झालं, असा त्यांचा साधा घाट. पाच वर्षं गरोदर राहिलेल्या क्लिओसारख्या काही गोष्टी कुणी खऱ्या मानणार नाही. पण त्यात माणसं दिसतात, आणि मला हे दगड त्यासाठीच मोलाचे वाटतात.

अथेन्सची अम्ब्रोसिया घ्या. एका डोळ्याने आंधळी. इथे फिरताना दगडांवरच्या हकिकती वाचून ती हसली: नुसतं स्वप्न पाहून लंगडे चालतात नि आंधळे बघतात, हे कसं शक्य आहे? रात्री देव आला आणि म्हणाला, बरी करतो, पण आपल्या अज्ञानाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. मग त्याने डोळ्याला छेद दिला आणि त्यात औषध ओतलं. ज्यांनी हा दगड लावला, त्यांना लोक शंका घेतात हे चांगलंच ठाऊक होतं.

आणि यूफानीस. एपिडॉरसचाच मुलगा, मुतखड्याने हैराण. स्वप्नात देवाने विचारलं, ‘तुला बरं केलं तर मला काय देशील?’ मुलगा म्हणाला, ‘दहा गोट्या.’ त्या काळी पोरं मेंढी-बकरीच्या घोट्याची हाडं घेऊन आपल्या सागरगोट्यांसारखं खेळत. देव हसला आणि बरं करतो म्हणाला. सकाळी मुलगा ठणठणीत होऊन बाहेर पडला. दुखण्याने पिचलेल्या पोराने आपल्याजवळची सगळ्यात मोठी इस्टेट देऊ केली. नवस म्हणजे काय, हे याहून कमी शब्दांत सांगता येईल असं वाटत नाही.

पुढच्या काळात देवाची तऱ्हा बदलली. इ.स. दुसऱ्या शतकातल्या मार्कस ज्यूलियस अपेलासचा दगड वाचला की हे लक्षात येतं. त्याला अपचनाचा त्रास आणि वरचेवर आजारपण. वाटेतच, एजिना बेटावर, देवाने त्याला सांगितलं की चिडचिड कमी कर. पोचल्यावर सूचना अशा: ब्रेड-चीज खा, सेलरी आणि लेट्यूस खा, अंघोळ स्वतःची स्वतः कर, पळ, अनवाणी चाल, न्हाणीघरातल्या सेवकाला एक द्राख्मा दे. एकदा तो नुसतंच दूध प्यायला, तर देव म्हणाला, त्यात मध घाल, म्हणजे पोट साफ होईल. हा सल्ला आपल्या आजीनेही दिला असता. इथल्या संग्रहालयात शस्त्रक्रियेची धातूची हत्यारंही ठेवलेली आहेत. वैद्यांचं आणि या देवाचं भांडण नव्हतं; हिपोक्रेटीसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत सुरुवातीलाच अपोलो, अ‍ॅस्क्लेपिअस आणि त्याच्या या दोन मुलींना साक्षी ठेवलं आहे.

मोकळी हवा, चालणं, पथ्य, विश्रांती आणि विचारपूस यांनी बऱ्याच दुखण्यांना उतार पडला असेल, यात मला शंका नाही. पण दगडांवर फक्त गुण आलेल्यांची नावं आहेत, हेही विसरता कामा नये. इथल्या नियमाने या आवारात कुणी मरायचं नव्हतं आणि बाईने बाळंत व्हायचं नव्हतं. ज्याची आशा सुटली आणि जिला कळा सुरू झाल्या, ती माणसं आरोग्यदेवाच्या हद्दीबाहेर, उघड्यावर. अँटोनायनस नावाच्या रोमन सिनेटरने मरणाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी घर बांधलं, असं पाउसेनियस नोंदवतो. देऊळ उभं राहिल्याला तोवर पाचशेहून अधिक वर्षं झाली होती. या स्थानाचं कौतुक करताना ही गोष्ट बाजूला ठेवणं मला योग्य वाटत नाही.

देवळाचं आता जोतंच उरलंय. देवाची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती केव्हाच गेली. शेजारच्या गोल मंदिराखाली एकात एक गुंफलेल्या भिंतींचा चक्रव्यूह आहे. तो कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन सेनापती सुलाने इथला खजिना लुटला, ख्रिस्ती धर्म आल्यावर पूजा थांबली, भूकंपांनी उरलंसुरलं पाडलं. रोममध्ये मात्र धागा तुटला नाही. तिथे साथ आली म्हणून इथला साप नेऊन इ.स.पू. २९१ मध्ये टायबर नदीतल्या बेटावर देऊळ बांधलं, असं रोमन सांगत. त्या बेटावर आजही रुग्णालय चालू आहे.

१९८८ पासून एपिडॉरस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तुम्ही गेलात तर नाट्यगृह जरूर पाहा, पण बस सुटायला अर्धा तास असेल तर तो जवळच्या छोट्या संग्रहालयाला द्या. अम्ब्रोसियाची आणि यूफानीसची हकिकत एकाच दगडावर कोरलेली आहे, आणि तो दगड तिथे आहे.