गर्भवतीची न भागणारी तहान

गरोदरपणी पाणी थोडे अधिक लागते, लघवीलाही वरचेवर उठावे लागते, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असते. परंतु क्वचित एखाद्या गर्भवतीची तहान काही केल्या भागत नाही. रात्रीही ती तांब्यामागून तांब्या पाणी पिते आणि तितकीच लघवी होते. मग घरात दोन तर्क निघतात: हिला मधुमेह झाला असावा, आणि पाणी कमी प्याली की उठणे थांबेल. पहिला तर्क तपासून घ्यावा. दुसरा मात्र घातक आहे.

हा विकार उदकमेह असू शकतो. गरोदरपणामुळे होणारा उदकमेह लाखात सुमारे २ ते ४ गर्भवतींत, बहुधा अखेरच्या तीन महिन्यांत आढळतो. मधुमेहात लघवीतून साखर जाते. येथे साखर नसते, लघवी पाण्यासारखी फिकी असते. एरवी दिवसाकाठी १ ते २ लिटर होणारी लघवी ३ लिटरांच्या वर जाते.

याचे कारण असे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात येते. मूत्रपिंडांनी पाणी राखून ठेवावे, हे त्याचे काम. गरोदरपणी वारेत एक विकर तयार होते व ते या संप्रेरकाचे तुकडे करते. पीयूषिका अधिक संप्रेरक सोडून तूट भरून काढते, यकृत ते विकर नाहीसे करते. म्हणून बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. पण जुळ्यांमुळे वार मोठी असली किंवा यकृत बिघडले, तर हा मेळ मोडतो. यास्तव डॉक्टर यकृत व रक्तदाबही तपासतात.

यावर डेस्मोप्रेसिन हे औषध आहे. वारेतील विकर त्याला सहसा तोडू शकत नाही. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, कारण अधिक झाल्यास अंगात पाणी साठून रक्तातील सोडियम उतरते. बाळंतपणात वार पडली की काही आठवड्यांत विकार बहुधा आपोआप जातो.

तोवर घरच्यांनी काय करावे? पाणी तोडू नये. रोजा असो वा निर्जळी एकादशी, अशा स्त्रीने तहान मारू नये. गर्भवतीला रोज्यातून सवलत आहेच. दिवसभराचे पाणी व लघवी मोजून लिहावी आणि तो कागद घेऊन तिला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.