चिंधीचा ताव

कागजीपुऱ्यातल्या एका कारखान्यात पहिल्यांदा गेलो, तेव्हा समोर कागद नव्हताच. होता तो बनियनच्या कापडाचा ढीग. होजिअरीची पांढरी कात्रणं, गुडघाभर उंच, आणि त्यापुढे मांडी घालून बसलेल्या दोन बायका. कात्रण उचलायचं, उलटसुलट करायचं, बोटांनी ताणायचं. ताणून सोडल्यावर ते आखडलं की बाजूला भिरकावून द्यायचं.

“रबर आहे त्यात,” त्यातली एक वर न बघता म्हणाली.

रबर, नायलॉन, पॉलिस्टरचा दोरा, एखादं बटण यातलं काहीही हौदात गेलं की संपलं. सुती धागा कुटला की त्याचा लगदा होतो. नायलॉन मात्र तसाच राहतो आणि ताव सुकल्यावर केसासारखा वर येतो. पर्यटकांना हौद दाखवतात, फोटो तिथेच निघतात. ही निवड बघायला कोणी थांबत नाही. माझ्या मते निम्मा कागद तिथेच तयार होतो.

हे गाव वेरूळला जाणाऱ्या रस्त्यावर, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मध्ये. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलवली, त्या लवाजम्यात आमचे पूर्वज आले, असं इथले कागजी सांगतात. राजधानी परत गेली, कागजी राहिले. पुढे दौलताबादी कागदाचं नाव झालं. जुन्या मराठी दप्तरांत जुन्नरीच्या जोडीने तो भेटतो. औरंगजेब स्वतःच्या हाताने कुराणाच्या प्रती उतरवायचा, तो कागद इथलाच, असंही सांगतात. ही गोष्ट मात्र तोंडीच चालत आलेली. तीही कागदाच्या गावात!

हल्ली हातकागदाच्या वहीवर ‘पर्यावरणस्नेही’ असा शिक्का असतो. तो बघून मला हसू येतं. हा धंदा जन्मापासून टाकाऊ मालावरच चाललाय. जुने दोर, फाटकं गोणपाट, चिंध्या, रद्दी हे सगळं चुन्यात भिजवायचं, पायाच्या ढेंकीने कुटायचं, धुवायचं, पुन्हा चुना, पुन्हा कुटणी. असे कितीतरी दिवस जायचे. आता ढेंकीच्या जागी विजेवरचा बीटर आला आणि पाय सुटले. हात मात्र सुटले नाहीत.

ते मला हौदाशी उभं राहिल्यावर कळलं. साचा पाण्यात तिरपा घालायचा, आडवा करायचा, उचलता उचलता एकदा मागेपुढे आणि एकदा डावीउजवीकडे हलवायचा, की धागे एकमेकांत अडकतात. बघायला सोपं वाटतं. माझा पहिला ताव एका कोपऱ्यात पुठ्ठ्याएवढा जाड आणि दुसऱ्या कोपऱ्यात चाळणी झाला. शेजारचे चाचा काही बोलले नाहीत. साचा उलटा करून त्यांनी माझा ताव परत हौदात ढकलला. या धंद्यात चूक वाया जात नाही, ती पुन्हा लगदा होते. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, “घाई नक्को करो. पानी खुद बोलता, अब उठाओ.” मला काही ते पाणी बोललं नाही.

पूर्वी साच्यावर गवताच्या बारीक काड्यांची चटई असायची, तिला छपरी म्हणत. जुना कागद उजेडात धरला की त्या काड्यांच्या रेघा अजून दिसतात. ओले ताव कापड न घालता एकावर एक रचायचे, दाबायचे आणि मग एकेक सोडवून गिलाव्याच्या भिंतीवर कुंच्याने चिकटवायचे. आता जाळीचा साचा आला आणि दोन तावांमध्ये कापड असतं.

दुसरी फजिती घरी येऊन झाली. मोठ्या हौसेने आणलेल्या तावावर शाईच्या पेनाने पत्र लिहायला घेतलं, तर ‘प्रिय’मधला ‘प्र’ पसरून कोळी झाला. शाई फुटली. पुढच्या फेरीत तक्रार केली तर चाचा हसले, “ये तो डब्बे का कागज लेके गए तुम!” लिहिण्याच्या कागदाला खळ लावावी लागते, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटावं लागतं. रामदासांनी दासबोधात लेखनासाठी एक आख्खा समास का खर्ची घातला, ते त्या दिवशी समजलं. पोथी लिहिताना अक्षर चुकलं तर त्यावर पिवळी हरताळ फासून दुरुस्ती करत. आपण ‘हरताळ फासला’ म्हणतो ते तिथूनच. घोटलेल्या कागदावरच हे चोचले चालतात.

आता घोटीव कागदाला गिऱ्हाईक कमी. मागणी पिशव्यांना, लग्नपत्रिकांना आणि पाकळ्यांच्या कागदाला. त्यातही एक गुपित आहे. गुलाबाची पाकळी कागदात तपकिरी पडते, झेंडू रंग धरून ठेवतो. म्हणून ‘गुलाबी’ मागणाऱ्यालाही शहाणा कारागीर झेंडू सुचवतो.

गिरणीच्या स्वस्त कागदाने हा धंदा पार बसवला होता. 1934 मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला, तिथे के. बी. जोशींनी हातकागदावर प्रयोग केले आणि 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. त्यातून पुन्हा थोडी धुगधुगी आली. मोजमाप मात्र अजून जुनंच. चोवीस तावांचा दस्ता, वीस दस्त्यांचं रीम. फारसीत दस्त म्हणजे हात. नावातही हात सुटलेला नाही.

संभाजीनगरहून वेरूळला निघालात तर दौलताबादचा किल्ला मागे टाकल्यावर गाडी थोडी हळू करा. डब्याचा नको, लिहिण्याचा कागद मागा, आणि तो चौकटीत लावू नका. बोट फिरवून गुळगुळीत बाजू वर घ्या आणि कोणाला तरी पत्र लिहा.