केवळ ‘सावध राहा’ सांगून भागणार नाही

ऑनलाइन फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२४ या एका वर्षात २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले, अशी माहिती केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये संसदेत दिली. त्याच्या आदल्या वर्षी हीच रक्कम ७ हजार ४६५ कोटी रुपये होती. एका वर्षात नुकसान तिपटीवर गेले.

विशेष म्हणजे, या काळात जनजागृतीत खंड पडलेला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या जाहिराती सुरू होत्या, बँकांचे एसएमएस येत होते. तरीही माणसे फसली, आणि त्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, संगणक अभियंतेही होते. त्यामुळे ग्राहकांसाठी मोहीम आखताना तिने नेमके काय सांगावे, याचा नव्याने विचार होणे अगत्याचे आहे.

भामट्यांची खरी हत्यारे

फसवणुकीची निमित्ते दर महिन्याला बदलतात. आज वीजबिल, उद्या केवायसी, परवा कुरिअर किंवा मोबाईलवर आलेली लग्नपत्रिका. प्रत्येक प्रकाराची यादी पाठ करणे कोणालाही शक्य नाही. मात्र निमित्त कोणतेही असले, तरी हत्यारे चारच असतात : घाई, भीती, लोभ आणि ‘कोणाला सांगू नका’ ही अट. ही चार लक्षणे ओळखायला शिकविणारी मोहीम निमित्त बदलले तरी जुनी होत नाही.

‘डिजिटल अरेस्ट’ हे याचे ठळक उदाहरण. पोलिस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉल केला जातो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगून समोरच्याला तासन् तास, कधी कित्येक दिवस कॅमेऱ्यासमोर बसविले जाते. वास्तविक, अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या प्रकाराबाबत सावध करताना थांबा, विचार करा आणि कृती करा, अशी त्रिसूत्री सांगितली. घाबरलेल्या माणसाला दहा सूचना आठवत नाहीत. एखादी छोटी कृती आठवू शकते. ‘फोन ठेवा आणि घरातल्या एकाला सांगा’ हे वाक्य म्हणूनच पानभर सूचनांपेक्षा मोलाचे ठरते. ‘पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही’ हे दुसरे तसेच वाक्य.

पहिला तास महत्त्वाचा

बहुतेक मोहिमा फसवणूक टाळण्यापाशी थांबतात. फसल्यावर काय करावे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. फसवणुकीची रक्कम काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरविली जाते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविताच संबंधित बँकेला सूचना जाते आणि खात्यात उरलेली रक्कम गोठविता येते. पैसे पुढे सरकले असतील, तर सूचनाही पुढच्या बँकेकडे जाते. ही पैसे आणि तक्रार यांची शर्यतच असते. फोन करताना व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही नोंद करता येते.

चूक आपलीच असेल तर तक्रार करून काय उपयोग, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात याबाबतचे तत्त्व घालून दिले. त्यानुसार ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असला, तरी बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर कोणताही भार येत नाही. थोडक्यात, प्रत्येक तासाच्या विलंबाची किंमत मोजावी लागू शकते.

लाज हा मोठा अडथळा

तरीही अनेक जण गप्प बसतात. मुले रागावतील, शेजारी हसतील, ही धास्ती त्यांना असते. ‘शिकलेसवरलेले असूनही कसे फसले?’ असा सूर लावणारी मोहीम ही धास्ती वाढविते आणि भामट्यांच्याच पथ्यावर पडते. दोष फसविणाऱ्याचा आहे, हे मोहिमेने स्वच्छ शब्दांत सांगायला हवे.

संदेश कोणाच्या तोंडून येतो, यालाही महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने ‘राजू आणि चाळीस चोर’ ही चित्रमय पुस्तिका काढली, ती उपयुक्तच आहे. परंतु ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट, गणेशोत्सव मंडळे आणि सोसायटीचा सूचना फलक यांची पोहोच वेगळी आहे. खानदेशात अहिराणीत, विदर्भात वऱ्हाडीत सांगितलेली गोष्ट चटकन मनात उतरते. बँकेच्या खिडकीवरील कर्मचारी तर शेवटचा पहारेकरी होय. एखादे आजोबा घाईघाईने मुदत ठेव मोडायला आले, तर ‘कोणाचा फोन आला होता का?’ हा एक आपुलकीचा प्रश्न त्यांची आयुष्यभराची पुंजी वाचवू शकतो.

किती फलक लागले, यावर अशा मोहिमेचे यश मोजू नये. फसवणुकीनंतर १९३० वर पहिला फोन किती लवकर गेला, हाच तिचा खरा निकष ठरावा. त्यासाठी हा क्रमांक आजच घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये नोंदवून ठेवणे, ही या कामाची सर्वांत सोपी सुरुवात आहे.