डेटा अभियांत्रिकी : करिअरच्या वाटा आणि प्रात्यक्षिक कौशल्यांची पायाभरणी

सारांश : डेटा अभियांत्रिकी या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्या पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांना कोणती कौशल्ये द्यावीत, हा प्रश्न आज संगणकशास्त्राबरोबरच वाणिज्य, संख्याशास्त्र व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांपुढेही आहे. साधने बदलत राहतात. आकड्याची जबाबदारी घेण्याची सवय मात्र टिकते. ही सवय लावण्यासाठी लागणारी प्रयोगशाळा प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयातच उपलब्ध आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : डेटा अभियांत्रिकी, संबंधात्मक प्रतिमान, एस.क्यू.एल., डेटा-गुणवत्ता, रोजगारक्षमता

प्रस्तावना

'सर, डेटा इंजिनिअर होण्यासाठी कोणता कोर्स लावू?' हा प्रश्न अलीकडे वर्गाबाहेर वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर बहुधा एखाद्या साधनाच्या नावाने दिले जाते. विद्यार्थी ते साधन शिकतो, प्रमाणपत्र मिळवतो आणि अर्जाला जोडतो. प्रस्तुत लेखकाने एका प्रात्यक्षिक परीक्षेत अशाच एका विद्यार्थ्याला त्याच्या प्रकल्पातील शुल्काची एकूण रक्कम प्रत्यक्ष जमा रकमेपेक्षा अधिक कशी, असे विचारले. त्याच्याजवळ तीन साधनांची प्रमाणपत्रे होती. पण या प्रश्नाचे उत्तर नव्हते. 'सॉफ्टवेअरने तसे दाखवले' एवढेच तो सांगू शकला. त्याचा दोष आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपण त्याला साधन शिकवले. आकडा पडताळून पाहण्यास शिकवले नाही. या उणिवेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना

'डेटा' या संज्ञेसाठी मराठीत 'विदा' हा पर्याय सुचवला गेला असला, तरी प्रस्तुत लेखात रूढ असलेला 'डेटा' हाच शब्द वापरला आहे. विविध ठिकाणी निर्माण होणारा डेटा गोळा करणे, तो स्वच्छ व सुसंगत करणे, योग्य रचनेत साठवणे आणि विश्वासार्ह स्वरूपात वेळेवर उपलब्ध करून देणे, या कार्याला डेटा अभियांत्रिकी असे म्हणतात. डेटा विश्लेषक त्या डेटावरून अहवाल तयार करतो. डेटा वैज्ञानिक त्यावरून भाकिते करणारी प्रतिमाने घडवतो. या दोघांच्याही हाती येणारा डेटा विश्वसनीय असावा ही जबाबदारी डेटा अभियंत्याची असते. पाण्याची चव घेणारा आणि नदीचे पाणी शुद्ध करून नळापर्यंत आणणारा, असा हा भेद आहे. दुसऱ्याचे काम दिसत नाही. ते बिघडले की मगच त्याची आठवण होते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ऑक्टोबर २०२० ची घटना. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनंदिन अहवालातून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले होते. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या नमुन्यात उतरवल्या जात होत्या. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींची मर्यादा असते. मर्यादेपलीकडील नोंदी निमूटपणे वगळल्या गेल्या आणि रुग्णांच्या निकट संपर्कातील व्यक्तींचा शोध घेण्यास विलंब झाला. येथे कोणतेही प्रगत गणित चुकले नव्हते. 'आलेल्या नोंदी किती आणि पुढे गेलेल्या नोंदी किती' एवढी साधी तपासणी झाली नव्हती.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : काय बदलले, काय टिकले

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावर आधारित प्रश्नभाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सादर केली. तीच पुढे एस.क्यू.एल. म्हणून प्रसिद्ध झाली व १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. नव्वदच्या दशकात बिल इनमन आणि राल्फ किंबॉल यांच्या ग्रंथांनी डेटा-भांडाराच्या रचनेला शास्त्रीय बैठक दिली. गूगलच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये 'मॅपरिड्यूस' ही पद्धत प्रसिद्ध केली, २००६ मध्ये हडूप प्रकल्प सुरू झाला आणि २००९ मध्ये बर्कले येथे स्पार्कचा आरंभ झाला. पुढे लिंक्डइनमधून काफ्का आणि एअरबीएनबीमधून एअरफ्लो ही साधने मुक्त स्वरूपात बाहेर आली. त्यानंतर क्लाउडवरील डेटा-भांडारांचे युग आले.

या प्रवासातून अध्यापकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. हडूपवर स्वतंत्र कार्यक्रम लिहिण्याचा काळ आला आणि ओसरलाही. परंतु हडूपवर हाइव्हच्या रूपाने आणि स्पार्कवरही अखेर एस.क्यू.एल.च आणावी लागली. ज्या विद्यार्थ्याचा पाया कॉड यांच्या प्रतिमानाचा आहे, त्याला नवे साधन काही आठवड्यांत आत्मसात करता येते. ज्याने केवळ साधन पाठ केले, त्याला दर काही वर्षांनी नव्याने सुरुवात करावी लागते.

आवश्यक प्रात्यक्षिक कौशल्ये

१) एस.क्यू.एल. आणि सारणी जोडण्याचे भान : वर उल्लेखिलेल्या परीक्षेतील चूक येथे उलगडून पाहू. एका विद्यार्थ्याने शुल्काचे प्रत्येकी ४,००० रुपयांचे दोन हप्ते भरले. त्याला दोन शिष्यवृत्त्याही मिळाल्या. शुल्काच्या सारणीत त्याच्या दोन ओळी आहेत, शिष्यवृत्तीच्या सारणीतही दोन. विद्यार्थी-क्रमांकावरून या सारण्या थेट जोडल्या, तर प्रत्येक हप्त्याशी प्रत्येक शिष्यवृत्तीची जोडी लागून चार ओळी तयार होतात. मग शुल्काची बेरीज ८,००० ऐवजी १६,००० येते. आज्ञा व्याकरणदृष्ट्या बिनचूक असल्याने संगणक कोणतीही तक्रार करत नाही. उपाय सोपा आहे : प्रत्येक सारणीची विद्यार्थीनिहाय बेरीज आधी करावी आणि मगच जोडणी करावी. 'या सारणीतील एक ओळ म्हणजे नेमके काय?' हा प्रश्न प्रत्येक जोडणीपूर्वी विचारण्याची सवय ही या क्षेत्रातील पहिली पायरी होय.

२) पायथॉन, लिनक्स व गिट : फाइली वाचणे, संकेतस्थळांच्या सेवांमधून डेटा घेणे व त्याचे रूपांतर करणे यांसाठी पायथॉन, सर्व्हरवर वावरण्यासाठी लिनक्सच्या मूलभूत आज्ञा, आणि केलेल्या बदलांचा मागोवा ठेवण्यासाठी गिट. या तिन्हींत प्रावीण्यापेक्षा नित्य वापर महत्त्वाचा आहे.

३) डेटाची रचना व काळाचे भान : २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याची तुलना कोणी २०११ च्या आकड्याशी केली, तर जिल्ह्यात काहीतरी अघटित घडले असा निष्कर्ष निघेल. जिल्ह्यांची नावेही बदलतात. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद यांचे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुने नाव पुसून नवे लिहावे, की दोन्ही नोंदी त्यांच्या कालावधीसह जपाव्यात? किंबॉल यांनी या प्रश्नाची 'सावकाश बदलणारी परिमाणे' या नावाने पद्धतशीर चर्चा केली आहे. भूगोल व अर्थशास्त्राच्या अध्यापकांनाही हा विषय वर्गात घेता येईल.

४) स्वच्छता व पडताळणी : एक्सेलमध्ये अंकाच्या स्वरूपात टाकलेल्या संख्येचे पहिले १५ अंकच जपले जातात, पुढचे शून्य होतात. त्यामुळे १६ अंकी नोंदणी क्रमांक किंवा त्याहून लांब बँक खाते क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा लागतो. गुणपत्रिकेत आडनाव आधी, तर बँकेत स्वतःचे नाव आधी असते. एकच गाव कुठे 'कराड' तर कुठे 'कऱ्हाड' असे लिहिलेले आढळते. इतकेच नव्हे, तर 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकानेही लिहिता येते आणि 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. युनिकोडपूर्व फाँटमधील जुन्या फाइली तर रूपांतराशिवाय वाचताच येत नाहीत. मराठी डेटा हाताळू शकणारा अभियंता म्हणूनच विशेष उपयोगी ठरतो.

५) पुनरावृत्तीची सुरक्षितता : रोज रात्री आपोआप चालणारे काम कधीतरी मध्येच बंद पडते व पुन्हा चालवावे लागते. दुसऱ्यांदा चालवल्यावर त्या दिवसाची हजेरी दुप्पट झाली, तर रचना सदोष आहे. तेच काम कितीही वेळा चालवले तरी निष्पत्ती तीच राहिली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक नोंदीला अनन्य ओळख द्यावी लागते आणि नोंद आधीच असेल तर ती नव्याने न वाढवता अद्ययावत करावी लागते.

करिअरच्या वाटा

डेटा अभियंता हे पद पहिल्याच नोकरीत मिळतेच असे नाही. अनेकांचा प्रवास अहवाल तयार करणे, डेटाबेस साहाय्य, सॉफ्टवेअर चाचणी किंवा एस.क्यू.एल. विकसक अशा पदांवरून होतो. बँका, विमा, रुग्णालये, वाहननिर्मिती, शासकीय योजना अशा सर्वच क्षेत्रांत हे काम असल्याने वाणिज्य वा संख्याशास्त्राच्या पदवीधराला स्वतःच्या विषयाचे ज्ञान हे भांडवल ठरते. जमाखर्च जुळवण्याची सवय असलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नोंदींचा ताळा घेणे परके वाटत नाही.

मुलाखतीसाठी दहा अर्धवट प्रकल्पांपेक्षा आरंभापासून शेवटपर्यंत पूर्ण केलेला एक प्रकल्प अधिक मोलाचा असतो. डेटा कोठून आला, त्यात कोणते दोष आढळले, कोणत्या नोंदी का वगळल्या आणि अंतिम आकडा कसा पडताळला, हे लिहिलेले टिपण त्यासोबत असावे. प्रमाणपत्र निरुपयोगी नाही. परंतु ते या टिपणाची जागा घेऊ शकत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता एस.क्यू.एल. लिहून देतात, मग ती शिकावी कशाला, अशी शंका घेतली जाते. वरील शुल्काच्या उदाहरणातील सदोष आज्ञा असे साधनही लिहून देऊ शकते, आणि तीही तितक्याच आत्मविश्वासाने. लिहिण्याचे श्रम कमी झाल्याने तपासण्याची जबाबदारी वाढली आहे.

महाविद्यालय : एक उपलब्ध प्रयोगशाळा

अभ्यासक्रमातील सरावासाठी दिला जाणारा डेटा बहुधा आधीच स्वच्छ केलेला असतो. पोहणे कोरड्या जागी शिकवण्यासारखे ते आहे. याउलट प्रवेश, हजेरी, ग्रंथालय, शुल्क व निकाल यांच्या महाविद्यालयीन नोंदींत वर वर्णिलेले बहुतेक दोष नैसर्गिकरीत्या आढळतात. लेखकाच्या विद्यार्थ्यांनी प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची अशा दोन याद्या जुळवून पाहिल्या, तेव्हा काही पात्र विद्यार्थी केवळ नावाच्या लेखनभेदामुळे जुळणीतून बाहेर राहत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्या दिवसापासून 'न जुळलेल्या ओळी' हा त्यांच्यासाठी तांत्रिक शब्द राहिला नाही. प्रत्येक ओळीमागे एक वर्गमित्र होता.

एका सत्राच्या पंधरा आठवड्यांत पुढील क्रम शक्य आहे : पहिले चार आठवडे सारणी-रचना व एस.क्यू.एल.; पुढील चार पायथॉनद्वारे डेटा वाचणे व स्वच्छ करणे; त्यानंतर चार आठवड्यांत रोज आपोआप चालणारी डेटा-वाहिनी व तिच्या तपासण्या; अखेरच्या तीन आठवड्यांत टिपण-लेखन व सादरीकरण. पोस्टग्रेस, पायथॉन व गिट ही साधने विनामूल्य असून प्रयोगशाळेतील सामान्य संगणकावर चालतात. भारत सरकारच्या खुल्या डेटा संकेतस्थळावरील संचही पूरक म्हणून वापरता येतात.

येथे एक दक्षता अनिवार्य आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांच्या माहितीबाबत कायदा अधिक कठोर आहे. म्हणून प्राचार्यांच्या लेखी परवानगीनेच नोंदी घ्याव्यात आणि नावे, दूरध्वनी, जात व बँक तपशील कार्यालयातच काढून टाकावेत. नावांच्या जुळणीचा सराव शिक्षकाने तयार केलेल्या काल्पनिक नावांवर घ्यावा. खऱ्या याद्यांची जुळणी करावयाची झाल्यास ती कार्यालयातच, जबाबदार कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली व्हावी. गोपनीयतेचा हा संस्कारही व्यावसायिक कौशल्याचाच भाग आहे.

समारोप

डेटा अभियांत्रिकीत करिअर घडवणे म्हणजे साधनांची यादी वाढवणे नव्हे. नोंद कोठून आली, वाटेत तिचे काय झाले आणि अखेरचा आकडा खरा कशावरून, या तीन प्रश्नांची उत्तरे देता येणे म्हणजे या व्यवसायाची पात्रता होय. हे प्रश्न कोणत्याही विषयाचा अध्यापक आपल्या वर्गात विचारू शकतो. पुढील प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने कोणते साधन वापरले, हे विचारण्यापूर्वी 'ही बेरीज बरोबर आहे हे मला दाखव' एवढेच आपण विचारले, तरी अध्यापनाची दिशा बदलण्यास आरंभ होईल.